पोचल्याची खूण

रोहिणी नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला विहारातल्या बायका अधूनमधून विचारायच्या. मालनबाई सांगायची, "कॉम्प्युटरच्या कंपनीत हाय ती. चालू असलेलं मुद्दाम बंद पाडती आन् बघत बसती, आपलं आपण उठतंय का." बायकांना हसू यायचं. "आन् याचा पगार देत्यात?" "देत्यात की," मालनबाई म्हणायची. तिला स्वतःलाही ते पुरतं पटलेलं नसायचं. पण रोहिणी म्हणायची, आईइतकं बरोबर माझ्या कामाचं वर्णन आमच्या ऑफिसातही कुणाला जमत नाही.

गांगुर्ड्यांचं घर नाशिकच्या सिडकोत, अंबडच्या कारखान्यांपासून सायकलच्या अंतरावर. रोहिणीचे वडील भिकन गांगुर्डे सिन्नर तालुक्यातल्या एका वाडीतून आयटीआय करून आले आणि अंबडच्या एका कारखान्यात कूलिंग प्लांटवर लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून रोहिणीच्या आजीने पाच घरी पदर पसरून मागितलेल्या कापडात त्यांना गुंडाळलं आणि नाव भिकन ठेवलं. कारखान्यात मात्र त्यांना सगळे 'भिकनमामा' म्हणत. कॉम्प्रेसरवर नुसता तळहात ठेवून ते आत काय बिनसलंय ते सांगायचे. निवृत्तीनंतर दोन महिने घरात बसले आणि घरच्यांना जीव नकोसा केला. नळ खोल, पंखा खोल, शेजाऱ्याचा फ्रीज खोल. शेवटी एका जुन्या सोबत्याच्या ओळखीने दिंडोरी रस्त्यावरच्या एका शीतगृहात ऑपरेटर म्हणून लागले. द्राक्षांचा हंगाम असला की तिथे पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत जात. तिथून कंटेनर थेट बंदरावर.

योगायोग असा, की त्या शीतगृहाने तापमानाची यंत्रणा रोहिणीच्या कंपनीकडून घेतलेली होती.

रोहिणीची कंपनी मुंबई नाक्याजवळ, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. शीतगृहं, दूध थंड करायची केंद्रं, औषधांची गोदामं अशा ठिकाणी कंपनीच्या लहान पेट्या भिंतीला बसवलेल्या असत. त्या तापमान मोजत आणि इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरांकडे पाठवत राहत. तापमान चढलं की ड्युटीवरच्या माणसाचा मोबाईल मोठ्याने वाजे. सर्व्हर म्हणावेत तर नाशकात नव्हतेच. ते क्लाउडवर होते. कुठल्याशा दूरच्या शहरात, दुसऱ्याच्या इमारतीत, भाड्याने घेतलेले. रोहिणीने ते कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते, पण त्यांच्या खोड्या तिला पाठ होत्या.

त्या सर्व्हरांवरचा प्रोग्राम वरचेवर नवा करावा लागे. सेवा तर एक क्षणही थांबवायची नाही. मग एकेक सर्व्हर बाजूला घ्यायचा, नवा उभा करायचा, तोवर उरलेल्यांनी भार वाहायचा. रोहिणी नव्या मुलांना समजावताना म्हणायची, पंगत बसलेली असताना वाढपी बदलायचेत, पण पानावरच्या माणसाला पत्ता लागता कामा नये. आणि तिचं काम म्हणजे या बदलाची आधी तालीम करणं. हुबेहूब तशीच यंत्रणा वेगळी उभी करायची, अपग्रेड सुरू करायचा, आणि ऐन मध्यावर घाव घालायचा. एक सर्व्हर ठार करायचा, दोघांमधला संपर्क तोडायचा, साठवणुकीची जागा भरून टाकायची. एवढं करूनही अलार्म वाजला पाहिजे. हे ती सात-आठ वर्षं करत होती. लग्नाचं जमलं नाही असं नातेवाईक म्हणत. तिने जमवलं नाही हे मालनबाईला ठाऊक होतं. घर तिच्या पगारावर निवांत चाललं होतं आणि तिला तिचं काम आवडायचं.

भिकनना लेकीच्या कामाचं भारी कौतुक. शीतगृहात मोबाईल वाजला की हमालांना सांगायचे, "ह्यो वाजतो ना, आमच्या रोहिणीनी वाजवलेला हाय."

फेब्रुवारी संपता संपता नव्या अपग्रेडची तालीम सुरू झाली. एका दुपारी रोहिणीने एक सर्व्हर मध्यावर पाडला, खोटं तापमान चढवलं आणि टेबलावर ठेवलेल्या चाचणीच्या मोबाईलकडे पाहिलं. पडद्यावर अलार्मच्या ओळीपुढे हिरवी खूण आली: पोचला. मोबाईल मात्र गप्प होता. तिने तो उचलून पाहिला, आवाज मोठा होता, नेटही होतं. पडदा म्हणत होता पोचला आणि मोबाईल म्हणत होता आलाच नाही.

तिने पुन्हा तेच केलं. या वेळी मोबाईल वाजला. पुन्हा केलं, वाजला. संध्याकाळपर्यंत करत राहिली, दर वेळी वाजला. दुसऱ्या दिवशी एकदा परत तसंच झालं, हिरवी खूण आणि मुका मोबाईल. त्यानंतर आठवडाभर काही केल्या ते परत दिसलं नाही.

हे का महत्त्वाचं, ते तिला चांगलं कळत होतं. अलार्म पोचला नाही तर यंत्रणा पुन्हा वाजवते, तरी कुणी घेतला नाही तर वरच्या माणसाला फोन करते. पण एकदा पोचल्याची खूण पडली की यंत्रणा निर्धास्त होते. पुन्हा वाजवायचं नाही, लोक वैतागतात, असा नियम ग्राहकांनीच मागून घेतला होता.

ती विश्वेशकडे गेली. विश्वेश तिचा टीम लीड. मूळचा त्र्यंबकेश्वरचा, घरात पिढ्यान् पिढ्या यजमानांची पूजा सांगण्याचं काम. त्याने ते धाकट्या भावावर सोपवून इंजिनिअरिंग केलं होतं. सरळ माणूस. कधी कुणावर आवाज चढवला नाही.

त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. स्वतः तिच्या शेजारी बसून अख्खी दुपार चाचण्या घेतल्या. मोबाईल वाजत राहिला.

"दोनदा तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस?"

"दोनदा, सर."

"मोबाईलचाच दोष असेल का? त्या दिवशी नेट गेलं असेल, काहीही."

"असूही शकेल." ती खोटं बोलू शकत नव्हती. "पण मला तसं वाटत नाही."

"मलाही तुझं वाटणं खोटं वाटत नाही," विश्वेश म्हणाला. "पण वर काय सांगू? कधीतरी काहीतरी होतं? ते विचारतील, करून दाखवा. दाखवता येईल?"

रोहिणी म्हणाली, "नाही. मला परत दाखवता येत नाही."

त्या एका वाक्यावर निर्णय झाला. जुन्या प्रोग्राममध्ये एक घातक भोक होतं, चोर शिरतील असं. ते बुजवायलाच हवं होतं, तेव्हा अपग्रेड पुढे ढकलणंही धोक्याचं होतं. विश्वेशने तरी वरच्यांकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांतही काही सापडलं नाही. शेवटी रंगपंचमीची दुपार ठरली. त्या दिवशी नाशिक रंगात बुडालेलं असतं, गोदामं, केंद्रं अर्धी बंद, यंत्रणेवर भार कमी. कुणाच्याही दृष्टीने तो शहाणपणाचा दिवस होता.

रंगपंचमीला ऑफिसात पाचच माणसं होती. खाली रस्त्यावर डीजेचा ठोका इतका मोठा, की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंग खेळायचे पेशवाई हौद, उघडल्या होत्या आणि दोघा मुलांचं अर्धं लक्ष तिकडेच लागलं होतं. रोहिणीने अपग्रेड सुरू केला. पहिला सर्व्हर बाजूला झाला, नवा उभा राहिला. दुसरा बाजूला होत असतानाच पडद्यावर एक खराखुरा अलार्म आला. ग्राहकाचं नाव तिथे दिसत नसे, नुसता क्रमांक. रोहिणी पडद्याकडे झुकली. ओळीपुढे हिरवी खूण उमटली: पोचला.

"बघ!" विश्वेश खुर्चीतून उठलाच. "ऐन मध्यावर आला आणि पोचलासुद्धा. आणखी काय पाहिजे?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. रोहिणीही हसली. गेले कित्येक दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं तिला वाटलं. तिसरा सर्व्हरही सुरळीत बदलला. कुणीतरी खालून मिसळ मागवली, ती सगळ्यांनी खाल्ली, आणि ती रंग चुकवत, गल्लीबोळांतून स्कूटर काढत घरी आली. वाटेत तिने पप्पांसाठी जिलेबी घेतली.

भिकन दिवस मावळताना आले. नेहमी आल्या आल्या पाय धुणारा माणूस तसाच पलंगाच्या कडेवर बसला. अंगाला गंधकासारखा वास येत होता.

"काय झालं?" मालनबाईने विचारलं.

"माल गेला," ते म्हणाले. "चेंबरमधला समदा माल गेला."

हळूहळू कळलं ते असं. सणामुळे गेटवरचा वॉचमन आला नव्हता. मॅनेजर किशोर आहेर सकाळीच भिकनना म्हणाले होते, "मामा, तुम्ही आज गेटवर बसा. मशीनची काळजी नको, काही झालं तर मोबाईल वाजेलच." मशीन रूम मागच्या अंगाला, गेट पुढे. दुपारी केव्हातरी विजेला झटका बसला आणि कॉम्प्रेसर बसला. आतले पंखे दुसऱ्या लाइनवर, ते फिरत राहिले. गेटवर बसलेल्याला वेगळं काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. भिकन दुपार कलल्यावर फेरीला मागे गेले तेव्हा चेंबर कोमट झालेला. थंड द्राक्षांना ऊब लागली की घाम फुटतो. पेट्यांत माल टिकावा म्हणून घातलेले गंधकाचे कागद त्या घामाने भिजतात आणि एकदम सगळा धूर सोडतात. घडांवर पांढरे डाग पडले होते. तो माल परदेशी जाणारा होता. आता तो कुणीही घेणार नव्हतं.

"मोबाईल वाजला नाही का?" रोहिणीने विचारलं.

"नाय वाजला." भिकननी खिशातून मोबाईल काढून तिच्या हातात दिला. "पर किशोरभाऊ म्हनतो वाजला. त्याच्या कॉम्प्युटरवर आलंय, पोचला म्हनून. म्हनतो, मामा, तुम्ही झोपले असाल."

रोहिणीने मोबाईल उघडून पाहिला. कंपनीच्या ॲपमध्ये त्या दुपारचा अलार्म होता. त्याच्यापुढे हिरवी खूण होती. ॲप तर सर्व्हर सांगेल तेच दाखवत असे. ती वेळ तिने ओळखली. दुसरा सर्व्हर बाजूला होत होता ती वेळ. विश्वेश खुर्चीतून उठला होता ती. तिने जिलेबीचा पुडा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. त्यानंतर तो कुणीच उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने विश्वेशला सांगितलं. तो अलार्म माझ्या वडिलांचा होता. विश्वेशचा चेहरा उतरला. तो उठला आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

"त्या सर्व्हरची नोंद काढू," तो म्हणाला. "खरंच पाठवला का, ते त्यातच कळेल."

दोघांनाही माहीत होतं की ती नोंद नाही. बाजूला घेतलेला सर्व्हर अपग्रेड पुरा झाला की पुसून टाकला जातो; त्याच्या पोटात जे होतं ते त्याच्याबरोबर जातं. मागे उरते ती फक्त सगळ्यांची मिळून असलेली वही, आणि तिच्यात हिरवी खूण होती. तरी त्यांनी शोधलं. क्लाउडवाल्या कंपनीला विचारलं. तिकडून नम्र उत्तर आलं, की पुसलेलं परत मिळत नाही.

विश्वेश वरच्यांशी बोलायला गेला तो बऱ्याच वेळाने परतला. आला तो तिच्याकडे न बघताच बोलू लागला.

"ते म्हणतात, आपल्या नोंदीप्रमाणे अलार्म पोचलाय. याहून वेगळं काही बाहेर बोलायचं नाही. मी तुझ्या दोन चाचण्यांचं सांगितलं. तर म्हणाले, त्या चाचण्या पुन्हा दाखवता आल्या का? मी काय सांगणार?"

"तुम्ही नाही म्हणालात."

"नाही म्हणालो." मग हळूच म्हणाला, "रोहिणी, मला त्या दिवशी तुझं ऐकायला हवं होतं."

"ऐकलं होतं की तुम्ही, सर," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. कुणावर रागवावं हेच तिला समजेना. राग धरायला एखादा माणूस लागतो.

शीतगृहाच्या मालकाने पोलिसांत वगैरे काही दिलं नाही. भिकनना नुसतं सांगितलं, तूर्त येऊ नका, विम्याचा माणूस येईल तेव्हा बोलावू. तो आला त्या दिवशी रोहिणी रजा काढून वडिलांबरोबर गेली.

मॅनेजरच्या केबिनमध्ये विम्याचा सर्व्हेअर बसला होता. पन्नाशीचा, थकलेला, सभ्य माणूस. त्याने भिकनना आधी बसायला खुर्ची दिली, मग विचारलं, "मामा, दुपारी तुम्ही गेटवर होतात. झोप लागली होती का?"

"नाही लागली," रोहिणी म्हणाली.

"ताई, त्यांना बोलू द्या."

भिकन गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "साहेब, जेवलो. मंग खुर्चीवर बसलो. ऊन लय होतं. रस्त्यावरून रंगवाल्या पोरांच्या गाड्या जात होत्या, त्या बघितल्या. मंग फेरीला गेलो." ते थांबले. "मधी डोळा लागला का नाय, आता खातरीनं नाय सांगता येत."

"पप्पा!"

"आगं, मशीन कशाला खोटं बोलंल? मशीनला काय पडलंय?"

रोहिणी सर्व्हेअरकडे वळली. तिने भराभरा सांगितलं. की त्याच वेळी अपग्रेड चालला होता, की अशा वेळी पोचल्याची खूण खोटी पडू शकते, की तिने स्वतः ते दोनदा पाहिलंय. बोलताना तिचा आवाज चढला होता. मॅनेजर आहेर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी भिकनना गेटवर बसवलं होतं ते त्यांनी नाकारलं नाही. पण आपणहून तो विषय काढलाही नाही.

सर्व्हेअरने सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही त्या कंपनीत आहात?"

"हो."

"मग कंपनी हे लेखी देईल?"

"नाही," रोहिणी म्हणाली.

"तुम्ही तरी द्याल? की हे असंच झालं, शंभर टक्के?"

शंभर टक्के. जे तिला ठाऊक होतं ते एवढंच, की असं होऊ शकतं. त्या दुपारी तसंच झालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. वाटणं आणि दाखवणं यांतला फरक सांभाळण्याचाच तर तिला पगार मिळत होता.

"तसं झालं असू शकेल," ती म्हणाली.

सर्व्हेअरने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. फार नाही, दोन-तीन शब्द. निघताना तो भिकनना म्हणाला, "मामा, या वयात दुपारचं होतं असं. मनाला लावून घेऊ नका." तो हे चांगुलपणानेच बोलला, आणि भिकननी त्याला हात जोडले.

त्यानंतर भिकनना शीतगृहातून बोलावणं आलं नाही.

रोहिणी मात्र इरेला पेटली. ऑफिसातलं काम उरकलं की ती जुन्या प्रोग्रामची तालीम पुन्हा उभी करायची आणि त्या दुपारची घडी परत आणायला बघायची. सर्व्हर या अंगाने पाड, त्या अंगाने पाड, संपर्क अर्धवट तोड, घड्याळं मागे-पुढे कर. मोबाईल वाजे. नव्याने वाजे, परत वाजे. शेजारच्या मुलांना त्या आवाजाचा इतका कंटाळा आला की ते कानांत हेडफोन घालून बसू लागले. विश्वेश कधी कधी येऊन शेजारी बसायचा, एखादी नवी तऱ्हा सुचवायचा. एकदा म्हणाला, "आमच्याकडे यजमान विचारतात, गुरुजी, दोष गेला का? वडील सांगायचे, गेला. तुला तसंच कुणीतरी सांगायला हवंय." ती हसली नाही, तसा तो ओशाळून उठून गेला.

एप्रिल उजाडला. वस्तीत जयंतीची तयारी सुरू झाली. दर वर्षी कमानीच्या दिव्यांचं वायरिंग भिकन करायचे, मुलं शिडी धरायची, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय कुणी बटण दाबत नसे. यंदा मंडळाची मुलं बोलवायला आली तर ते म्हणाले, "दुसरं कुनी बघा. माझं आता लक्ष राहत नाय." मुलांना वाटलं मामा गंमत करतात. मालनबाई आतून बाहेर आली आणि मुलांना म्हणाली, "जा रे बाबांनो. जय भीम." मग ती चुलीपाशी म्हणजे गॅसपाशी उभी राहून बराच वेळ नुसतं पाणी उकळत राहिली.

त्या रविवारी रोहिणीने लॅपटॉप घरी आणला. तिने ठरवलं होतं, जगाला नाही तर नाही, निदान पप्पांना दाखवायचं. जेवणं झाल्यावर तिने भिकनना जवळ बसवलं आणि चाचणीचा मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"हे बघा पप्पा. ही तुमच्या शीतगृहासारखीच यंत्रणा. आता मी अपग्रेड सुरू करते. हा सर्व्हर बंद पाडते. आता तापमान चढवते. बघा, इथे येईल पोचला, आणि मोबाईल..."

भिकनच्या हातातला मोबाईल कर्कश वाजला. ते दचकले.

"थांबा. परत करते."

परत वाजला.

"एकदम होत नाही ते. थांबा हं."

ती करत राहिली. मालनबाई दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, कसला आवाज येतोय. भिकन शांतपणे मोबाईल धरून बसले होते, एखादं लहान मूल मांडीवर धरावं तसं. दर वेळी तो वाजे आणि दर वेळी ते बटण दाबून बंद करत. रोहिणीचे डोळे भरून आले तरी बोटं थांबेनात. कधी नव्हे ते तिला मनापासून वाटत होतं, की एकदा, फक्त एकदा हे बिघडावं.

शेवटी भिकननीच तिच्या हातावर हात ठेवला. काय बिनसलंय ते बघायला कॉम्प्रेसरवर ठेवायचे तसा, सगळा तळवा टेकवून.

"पुरे आता. लय चांगलं बनवलंय तुम्ही," ते म्हणाले. "एवढं मधीच बंद पाडतीस तरी वाजतंय. कवाबी वाजतंय."

"पण पप्पा, त्या दिवशी नाही वाजलं."

"वाजलं असंल पोरी." ते अगदी समजुतीने बोलत होते, जणू चूक तिची होती आणि ते पदरात घेत होते. "मीच झोपलो असंल. ऊन लय होतं."

बोलण्यासारखं होतं ते सगळं तिचं बोलून झालं होतं. तिने लॅपटॉप मिटला.

पुढे मे महिन्यात प्रोग्रामची आणखी नवी आवृत्ती आली. सर्व्हरांनी एकमेकांकडे निरोप सोपवायची रीतच तीत बदलली होती. आता जुनी तालीम घेण्यात अर्थ उरला नाही. तो दोष होता की नव्हता, होता तर गेला की दुसरीकडे कुठे जाऊन बसला, हे विचारण्याची जागाच नाहीशी झाली. विश्वेशने जुनी तालीम पुसण्यापूर्वी तिला विचारलं. ती म्हणाली, "पुसा." पावसाळ्यात तो पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेला. जाताना त्याने तिला त्र्यंबकचा प्रसाद आणून दिला, आणि तिने तो घरी नेऊन आईला दिला, आईने शेजारी वाटला.

रोहिणी अजून तिथेच आहे. तेच काम करते, आता तिच्या हाताखाली चार मुली आहेत. एक गोष्ट तिने आपल्या मनाने सुरू केली आहे. अपग्रेडच्या आदल्या दिवशी ती एकेका ठिकाणी स्वतः फोन करते. सांगते, उद्या अमुक वेळी आमचं काम आहे, तेवढा वेळ एक माणूस मशीनपाशी उभा ठेवा, मोबाईलच्या भरवशावर राहू नका. कुणी हो म्हणतं, कुणी म्हणतं, मॅडम, मग तुमची सिस्टिम कशाला घेतलीय? वरून एकदा विचारणा झाली, की ग्राहकांच्या मनात नसती शंका का घालता. तिने ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी पुन्हा फोन केले.

भिकन घरीच असतात. आता काही खोलत नाहीत. पंखा कुरकुरत होता तर मालनबाईला बाहेरून माणूस बोलवावा लागला. दुपारचं जेवण झालं की ते दारातल्या खुर्चीवर बसतात. कुणी जवळून गेलं, भांडं वाजलं, की ताठ होतात आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणतात, "झोपलो नाय मी. जागाच हाय."

घरी असली तर रोहिणी आतून उत्तर देते, "माहितीये पप्पा."